सुवानी, १८९९: सहा दिवसांत पाच सामने कसे जमले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या सुवानी नावाच्या छोट्याशा कॉलेजने १८९९ साली सहा दिवसांत पाच फुटबॉल सामने, तेही सगळे बाहेरगावी, जिंकले आणि पाचांत मिळून समोरच्यांना एकही गुण दिला नाही, असं सांगतात. हे खरंच घडलं का? घडलं असेल तर ती माणसं लोखंडाची होती, समोरचे संघ कच्चे होते, की खेळच वेगळा होता?

घडलं, यात शंका नाही. तारखा, गावं, गुण सगळं नोंदलेलं आहे. तुम्ही दिलेल्या तिन्ही कारणांत थोडंथोडं तथ्यही आहे. पण माझ्या मते हा दौरा दोन गोष्टींवर तरला: लांब किक मारणारा एक फुलबॅक (फळीच्या सगळ्यात मागे उभा राहणारा गडी), आणि रेल्वेच्या वेळापत्रकावर सामने बसवणारा वीस वर्षांचा विद्यार्थी मॅनेजर. शिवाय त्या हंगामाची खरी कसोटी गाजलेल्या सहा दिवसांत लागलीच नाही, ती पुढे लागली. तेही सांगतो.

आधी पूर्ण हंगाम डोळ्यांसमोर हवा. २१ ऑक्टोबर, शनिवार, अटलांटात जॉर्जियाविरुद्ध १२-०. लगेच सोमवारी, २३ तारखेला, त्याच शहरात जॉर्जिया टेकविरुद्ध ३२-०. २८ला घरच्या मैदानावर टेनेसी, ४६-०. ३ नोव्हेंबरला घरीच साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन, ५४-०. मग दौरा: ९ नोव्हेंबर, गुरुवार, ऑस्टिनमध्ये टेक्सास १२-०, १०ला ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एम १०-०, ११ला न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेन २३-०, १२ला रविवार, सुट्टी, १३ला बॅटन रूजमध्ये एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) ३४-०, १४ला मेम्फिसमध्ये मिसिसिपी १२-०. परत आल्यावर २० तारखेला घरी कंबरलँड, ७१-०. ३० नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी, माँटगोमेरीत ऑबर्न, ११-१०. आणि २ डिसेंबरला पुन्हा अटलांटात नॉर्थ कॅरोलायना, ५-०. त्रेचाळीस दिवसांत बारा सामने, बारा विजय. ३२२ गुण केले, १० दिले, आणि ते दहाही एकट्या ऑबर्नला.

३२२-१० हा आकडा सगळीकडे दिमाखात छापला जातो, पण तो जरा फोडून पाहा. घरच्या तीन सामन्यांतच ४६, ५४ आणि ७१, म्हणजे १७१ गुण निघाले. निम्म्याहून जास्त गुण तीन सामन्यांतून आले. उरलेल्या नऊ बाहेरच्या सामन्यांत १५१, आणि गाजलेल्या दौऱ्याच्या पाच सामन्यांत ९१. हा संघ समोरच्यांना तुडवत फिरत होता असं चित्र यातून उभं राहत नाही. बाहेरच्या नऊपैकी सहा सामने बारा किंवा त्याहून कमी गुणांवर जिंकलेले आहेत. या संघाची ओळख बचाव ही होती, आणि पाच सामने लागोपाठ कसे जमले याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

आता खेळ. आज टीव्हीवर दिसणारा अमेरिकन फुटबॉल पूर्ण बाजूला ठेवा. १८९९ साली चेंडू पुढे फेकायला बंदी होती. ती १९०६ साली उठली. आज चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे असतात, तेव्हा तीन प्रयत्नांत पाच यार्ड काढायचे होते. मैदान ११० यार्डांचं. सामना ३५-३५ मिनिटांच्या दोन डावांचा. चेंडू आजच्यापेक्षा फुगीर, रग्बीच्या चेंडूच्या जवळचा, त्यामुळे हातातून निसटणं नेहमीचं. चेंडू घेतलेल्या गड्याला त्याच्याच संघातल्यांनी मागून ढकलायचं, पुढून ओढायचं, हे नियमात बसत होतं. दोन्ही संघांच्या फळ्यांमध्ये आज जी मोकळी पट्टी सोडावी लागते, ती सक्ती नव्हती. चेंडू सुटायच्या आधीच समोरासमोरच्या गड्यांची हातापायी चालू झालेली असायची. हेल्मेट सक्तीचं नव्हतं. कोणी चामड्याची टोपी घालायचा, कोणी रबरी नाकपट्टी दातात धरून लावायचा, बरेच जण नुसते केस वाढवून खेळायचे.

सगळ्यात महत्त्वाचा नियम बदली खेळाडूचा. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे. म्हणून जे अकरा उतरले तेच चढाईला, तेच बचावाला, तेच किकसाठी, आणि शक्यतो शेवटपर्यंत. दौऱ्यावर वीसेक खेळाडू नेले होते, पण खरा भार थोड्यांवरच पडला. पूर्ण ३५ मिनिटांचे डाव धरले तर पाच सामन्यांचे ३५० मिनिटं होतात. हा आकडा मात्र जसाच्या तसा वापरू नका. त्या काळात दोन्ही कर्णधार आपसात ठरवून डाव लहान करायचे. अंधार, गाडीची वेळ किंवा एकतर्फी सामना, एवढं कारण पुरे असे. जुन्या सामन्याची मिनिटं मोजायची तर त्या दिवशी डाव किती मिनिटांचा ठरला होता हे आधी पाहावं लागतं.

खेळ किती जीवघेणा होता याचं एक उदाहरण पुरेसं आहे. सुवानीचा हंगाम जिथे सुरू झाला त्या अटलांटातच, दोनच वर्षं आधी, १८९७ साली, जॉर्जियाचा व्हॉन गॅमन हा खेळाडू व्हर्जिनियाविरुद्धच्या सामन्यातल्या दुखापतीने दगावला होता. राज्याच्या विधिमंडळाने फुटबॉलबंदीचं विधेयक मंजूर केलं. गॅमनच्या आईनेच बंदी नको म्हणून पत्र लिहिलं, तेव्हा गव्हर्नरने त्यावर सही नाकारली. जॉर्जिया राज्यात फुटबॉल टिकला तो असा, आणि १८९९मध्ये सुवानीला तिथे तीन सामने खेळता आले.

आता किकचं गणित, कारण ते समजल्याशिवाय हा हंगाम समजत नाही. तीन प्रयत्नांत पाच यार्ड हे ऐकायला सोपं वाटतं. पण पुढे फेकता येत नसेल आणि सगळे गडी मधोमध दाटीने उभे असतील, तर एकेक यार्ड रेटून काढावा लागतो. आपल्याच गोलजवळ असताना रेटारेटी करणं म्हणजे चेंडू निसटला तर सामना घालवणं. म्हणून शहाणे संघ तिसऱ्या प्रयत्नाची वाट पाहत नसत. पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयत्नालाच पंट मारून, म्हणजे हातातून सोडलेल्या चेंडूला लाथ मारून, तो लांब धाडायचे आणि समोरच्याला त्याच्या गोलजवळ झगडायला लावायचे. पंट लांब गेली तर समोरच्याला तेवढं अंतर तीन-तीन यार्डांनी परत चढावं लागतं. त्यात त्याची ताकद जाते, कधीतरी चेंडू निसटतो, आणि आपण चाळीस यार्ड पुढून सुरुवात करतो.

सुवानीचा फुलबॅक ऑर्मंड सिमकिन्स हा या कामातला वाकबगार होता. तो पंटर होता, फळी फोडून धावणारा होता आणि बचावात शेवटचा आडवा येणाराही. त्याच्या जोडीला हाफबॅक आणि कर्णधार हेन्री सीबल्स, ज्याला सगळे ‘डिडी’ म्हणत, आणि क्वार्टरबॅक विल्सन, टोपणनाव ‘वॉर्बलर’. फळीत विल्यम क्लेबोर्नसारखे दांडगे गडी. प्रशिक्षक हर्मन सूटर हा प्रिन्स्टनमध्ये खेळून आलेला, म्हणजे उत्तरेकडचा शिस्तीचा खेळ त्याने दक्षिणेत आणला. पण दौऱ्यावर दमलेल्या संघाला कोणती शिस्त सगळ्यात जास्त उपयोगी पडते? दोन टचडाउन (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेणं) झाले की आणखी गुणांमागे न धावता किकवर सामना सांभाळायचा, ही. टेक्सास १२, ए अँड एम १०, मिसिसिपी १२ हे आकडे मला तसंच सांगतात. ही माझी अटकळ आहे, पण लागोपाठ सामने खेळणाऱ्या संघाला दुसरा मार्ग नसतो.

गुणसंख्या वाचायची पद्धतही इथेच सांगून टाकतो, कारण आजच्या हिशोबाने वाचली तर गोंधळ होतो. १८९८पासून टचडाउनला ५ गुण, त्यानंतरच्या गोलकिकला १, मैदानातून मारलेल्या गोललाही ५, आणि प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेमागे अडवलं तर २. टचडाउनला ६ गुण १९१२ साली झाले. म्हणजे १२-०चा सरळ अर्थ दोन टचडाउन आणि दोन्ही किक यशस्वी. आज तो १४-० दिसेल. १०-० म्हणजे पाचाचे दोन गुणप्रसंग आणि किक एकही नाही. २३ म्हणजे चार टचडाउन आणि तीन किक. ३४ म्हणजे सहा टचडाउन आणि चार किक, आजचे ४०. ५४ नऊ टचडाउन आणि नऊ किक असेही होतात, दहा आणि चार असेही. मैदानी गोल आणि दोन गुणांचा प्रकार मध्ये आला की हिशोब आणखी बदलतो, म्हणून नुसत्या आकड्यावरून टचडाउन मोजू नयेत.

ती एका गुणाची किक बघायला क्षुल्लक, पण फार कटकटीची होती. आज ती मधोमध ठेवून मारतात. तेव्हा टचडाउन गोलरेषेवर जिथे झाला, त्या बिंदूतून मैदानात सरळ मागे येऊन मारावी लागे. कोपऱ्यात टचडाउन केला तर कोन इतका तिरपा की गोल जवळजवळ अशक्य. म्हणून रेषा ओलांडल्यावरही धावणारा गडी चेंडू लगेच टेकवायचा नाही. जमेल तितकं मध्याकडे सरकायचा, आणि समोरचे त्याला कोपऱ्यातच दाबायचे. कोन फारच वाईट असेल तर दुसरा मार्ग होता: गोलरेषेमागून एकाने चेंडू आपल्याच साथीदारांकडे उडवायचा, त्याने तो स्वच्छ झेलायचा, आणि झेलला तिथून गोल मारायचा. झेल सुटला की संधी गेली. किक मारताना एक जण पालथा झोपून दोन्ही हातांत चेंडू जमिनीपासून बोटभर वर धरायचा. किकमारा त्याला तोंडाने कोन सांगायचा, जरा डावीकडे, जरा मागे. चेंडू जमिनीला टेकला की त्याच क्षणी समोरचे अकरा गोलरेषेवरून धावत सुटायचे. त्यामुळे टेकवणं आणि मारणं एकाच दमात व्हावं लागे. पुढे ऑबर्नविरुद्ध सामना फिरला तो याच एका गुणावर.

आता दौऱ्याकडे. त्याचं मूळ पैशात आहे. सुवानीचा मोठा कमाईचा सामना नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्टशी असायचा. त्या वर्षी तिकिटांच्या पैशांच्या वाटणीवरून दोघांत बिनसलं आणि सामना झालाच नाही. संघाचा मॅनेजर ल्यूक ली हा विद्यार्थीच होता, जन्म १८७९चा. त्या काळी कॉलेज फुटबॉलचा कारभार असे विद्यार्थी मॅनेजरच पाहायचे: सामने ठरवणं, यजमानांकडून ठरावीक रक्कम किंवा गेटचा वाटा कबूल करून घेणं, गाडीची तिकिटं, राहणं-जेवण, पंच कोण असावा यावर पत्रव्यवहार. व्हँडरबिल्टची खोट भरून काढायला लीने पश्चिमेकडच्या कॉलेजांशी बोलणी केली. एकेका सामन्यासाठी टेक्सासपर्यंत जाणं परवडलं नसतं. प्रवासाचा खर्च पाचांत वाटला गेला तरच हिशोब बसत होता. आणि दिवस वाढले की राहण्याजेवण्याचा खर्च वाढतो, अभ्यास बुडतो. म्हणून सामने एकमेकांना चिकटवले. शौर्याचा म्हणून जो दौरा आपण आठवतो, त्याची आखणी खर्चाच्या वहीत झाली होती, आणि मला त्यात कमीपणा काही वाटत नाही. उलट वीस वर्षांच्या मुलाने हे जुळवलं याचंच मोल जास्त आहे.

नकाशा पाहिला तर आखणी किती नेमकी होती ते कळतं. सुवानी कंबरलँड पठारावर सुमारे दोन हजार फुटांवर. तिथून खाली कॉवनला उतरणारा फाटा इतका चढउताराचा की त्याला ‘माउंटन गोट’ म्हणत. कॉवनहून मुख्य मार्ग धरायचा. सगळ्यात लांबचा टप्पा, ऑस्टिनपर्यंतचा, सगळ्यात आधी, ताज्या पायांनी. त्यानंतर प्रत्येक टप्पा घराच्या दिशेने: ऑस्टिन ते ह्यूस्टन सुमारे २६५ किलोमीटर, ह्यूस्टन ते न्यू ऑर्लिन्स साडेपाचशेच्या पुढे, तिथून बॅटन रूज सव्वाशे-दीडशे, आणि मग उत्तरेला मेम्फिस. एकूण फेरी सुमारे २,५०० मैल, म्हणजे ४,००० किलोमीटर. दुपारी सामना, संध्याकाळी गाडी, रात्र डब्यात, सकाळी नवं गाव. रविवारी खेळायचा प्रश्नच नव्हता. हे एपिस्कोपल चर्चने १८५७ साली स्थापलेलं विद्यापीठ. ती एक सुट्टी बरोबर तीन सामन्यांनंतर आली आणि त्या दिवशीचा पुढचा टप्पा सगळ्यात छोटा होता.

शरीराच्या दृष्टीने ही सुट्टी मोलाची. अशा रेटारेटीच्या खेळानंतर स्नायू लगेच नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त आखडतात. गुरुवारी टेक्साससारख्या तगड्या संघाशी खेळून शुक्रवार-शनिवार परत उतरायचं, म्हणजे नेमकं आखडलेल्या अंगाने. त्यात रात्र डब्यात बसून किंवा आखडून झोपून काढलेली. शुक्रवारचा ए अँड एमविरुद्धचा १०-० हा दौऱ्यातला सगळ्यात कमी गुणांचा सामना आहे, यात मला नवल वाटत नाही. सोमवारी, एका दिवसाच्या आरामानंतर, एलएसयूविरुद्ध ३४ निघाले. मंगळवारी पुन्हा १२. मालिशवाला म्हणून कॅल बरोज हा कृष्णवर्णीय कर्मचारी संघाबरोबर होता; खेळाडूंचे पाय चालते ठेवण्याचं काम त्याच्याकडे होतं. लोखंडी गड्यांच्या कौतुकात त्याचं नाव बहुतेक वेळा गळून जातं, ते जाऊ नये.

बिघडायला जागा बऱ्याच होत्या. सगळ्यात मोठी धास्ती पाण्याची: दर दिवशी नवं गाव, नवं पाणी, आणि एकाच्या पोटाने दगा दिला तरी वीसजणांच्या संघात भोक पडतं. सुवानीने आपल्या झऱ्याचं पाणी पिंपांत भरून बरोबर नेलं असं सांगतात, आणि त्या काळी ते अगदी शहाणपणाचं होतं. दुसरी गोष्ट बुटांची. खेळायचे बूट मागेच राहिले, तार करून ते मागवले आणि ते सामन्याला वेळेत पोचले, अशी कथा चालत आली आहे. ओल्या गवतावर फळीतला गडी खिळे नसलेल्या बुटांनी उभाच राहू शकत नाही, म्हणून ती कथा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिसरी धास्ती दुखापतीची. टेक्सासविरुद्ध सीबल्सचं डोकं फुटलं. त्यावर पट्टी लावून तो खेळत राहिला. आजचा डॉक्टर त्याला मैदानावर उभं करणार नाही, आणि ते योग्यच आहे. त्या काळी मेंदूला बसणाऱ्या धक्क्याची समज नव्हती आणि बाहेर गेलं की परत येता येत नसे, म्हणून माणसं थांबत नसत.

सुवानीच्या बाजूची आणखी एक गोष्ट क्वचित सांगितली जाते. या विद्यापीठाचं वर्ष इतरांसारखं नव्हतं. दक्षिणेतल्या सखल भागातले लोक उन्हाळ्यात डोंगरावर येत, म्हणून इथे उन्हाळ्यात वर्ग चालत आणि लांब सुट्टी हिवाळ्यात असे. इतर कॉलेजांचे गडी शरद ऋतूत घरून परतत होते, तेव्हा सुवानीचे गडी आधीपासून डोंगरावर एकत्र होते. ऑक्टोबरच्या शेवटी तीन दिवसांत अटलांटाचे दोन सामने, आणि त्यानंतर अडीच आठवड्यांनी पाच सामन्यांचा दौरा, हे एकत्र सरावलेल्या संघालाच जमतं. शनिवार-सोमवारची अटलांटाची जोडी मला तर दौऱ्याची रंगीत तालीमच वाटते.

समोरचे संघ कच्चे होते का? काही होते. टेक्सास, टुलेन, एलएसयू आणि मिसिसिपी या चौघांनी फुटबॉल १८९३ साली सुरू केला होता, ए अँड एमने १८९४ साली. सुवानी स्वतः १८९१पासून खेळत होती. टुलेन आणि एलएसयू त्या वर्षी दुबळेच होते, त्यांच्यावरचे मोठे आकडे फार मनावर घेऊ नका. टेक्सास मात्र खरोखर चांगला संघ होता, आणि त्याला ऑस्टिनमध्ये शून्यावर ठेवणं हा दौऱ्यातला सगळ्यात वजनदार निकाल आहे.

आणि आता ती कसोटी. ३० नोव्हेंबर, माँटगोमेरी. ऑबर्नचा प्रशिक्षक जॉन हाइजमन, ज्याच्या नावाचा चषक आज दरवर्षी सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला देतात. त्याचा हा ऑबर्नमधला शेवटचा हंगाम. पुढच्या वर्षी तो क्लेमसनला गेला. त्याच्या संघाचं हत्यार वेग हे होतं: एक चाल संपली की समोरचे सावरायच्या आत पुन्हा फळी लावायची आणि चेंडू सोडायचा. बदली नसलेल्या खेळात हे फार क्रूर हत्यार आहे, कारण दमलेल्या गड्याला श्वासही मिळत नाही. किक मारून समोरच्याला दमवायचं हे सुवानीचं तंत्र. ऑबर्नने त्यांनाच दमवलं. बारा सामन्यांत फक्त याच संघाने सुवानीवर गुण केले, आणि तेही दोनदा.

११-१०चं सरळ वाचन असं: दोघांचे दोन-दोन टचडाउन, सुवानीची एक गोलकिक लागली, ऑबर्नची एकही नाही. वर सांगितलेली ती पालथं झोपून धरायची, तिरप्या कोनातली किक. दोन वर्षं आधीच्या नियमांत, टचडाउनला ४ आणि किकला २ असताना, हाच सामना १०-८ झाला असता. आजच्या नियमांत १३-१२. कुठल्याही हिशोबाने निकाल तोच, पण कुठल्याही हिशोबाने एका किकचाच. सामन्यानंतर हाइजमनने पंचांच्या निर्णयांबद्दल वर्तमानपत्रातून जाहीर तक्रार केली. त्याचं म्हणणं पूर्ण मान्य केलं नाही तरी त्या दिवशी ऑबर्न कुठल्याच बाबतीत कमी नव्हता, हे गुणफलकच सांगतो.

त्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलायना. हंगामातला सगळ्यात कठीण सामना नुकता झालेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी दक्षिणेतला आणखी एक मातब्बर संघ, आणि निकाल ५-०. गाजलेल्या दौऱ्यात समोर काही हलके संघ होते आणि मध्ये रविवार होता. इथे दोन्ही तगडे, आणि बाराव्या सामन्याची थकलेली शरीरं. कोणी मला या हंगामातली सगळ्यात मोठी कामगिरी कोणती विचारली तर मी टेक्सास ते मेम्फिस न सांगता माँटगोमेरी ते अटलांटा सांगेन.

हा देशातला सर्वोत्तम संघ होता का, हेही अनेकजण विचारतात. त्या काळी उत्तरेकडच्या लोकांनी दक्षिणेकडे पाहिलंच नाही. तिकडचा फुटबॉलमधला जाणकार वॉल्टर कॅम्प याने निवडलेल्या १८९९च्या पहिल्या अखिल-अमेरिका संघात (देशभरातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या कागदावरच्या संघात) दक्षिणेतला एकही खेळाडू नाही. त्या वर्षीचा मान नंतरच्या निवडींत हार्वर्डला मिळाला: दहा विजय आणि येलशी ०-० बरोबरी. सुवानी आणि हार्वर्डची गाठ पडली नाही, म्हणून निकाल देता येत नाही. हार्वर्डकडे बदली खेळाडूंची फौज मोठी आणि फळी जड, एवढं मात्र ध्यानात ठेवावं. २०१२ साली कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमने घेतलेल्या चाहत्यांच्या मतदानात सुवानीचा हा संघ इतिहासातला सर्वश्रेष्ठ ठरला. त्यातून लोकांचं प्रेम कळतं, ताकदीची तुलना त्यातून होत नाही. दक्षिणेत त्या वर्षी त्यांच्या बरोबरीचा फक्त ऑबर्न होता, एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं.

पुढचं थोडक्यात. खेळ मोठा होत गेला, बदली खेळाडू आले, स्टेडियम आले, आणि छोट्या कॉलेजचा निभाव लागेना. सुवानी १९३२ साली साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दक्षिणेतल्या कॉलेजांच्या स्पर्धेच्या संस्थापकांत होती. १९४० साली बाहेर पडली तोवर त्या स्पर्धेतले ३७ सामने खेळून सगळे हरली होती. सीबल्सला १९७३ साली हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. ल्यूक ली टेनेसीतून अमेरिकेच्या सिनेटवर गेला, आणि जानेवारी १९१९मध्ये काही सहकाऱ्यांना घेऊन हॉलंडमध्ये आश्रयाला असलेल्या जर्मन कैसरला उचलून आणायच्या खटपटीसाठीही गाजला. ती मोहीम फसली.

स्वतः जुनी वर्तमानपत्रं चाळून हे सामने तपासायचे असतील तर क्रम असा ठेवा. आधी गाव आणि तारीख जुळवा, कारण बातमी सामन्याच्या दुसऱ्या दिवशीची असते आणि तारखा एका दिवसाने सरकलेल्या सापडतात. मग डाव किती मिनिटांचे होते ते शोधा. मग गुण ५-१-५-२ या हिशोबात बसतात का ते पाहा. बसत नसतील तर छपाईची चूक धरून दुसऱ्या गावचं वर्तमानपत्र पाहा. टचडाउन कोणी केला याबाबत दोन्ही गावच्या बातम्यांत फरक निघाला तर कुठल्याच एकावर विसंबू नका: पाठीवर आकडे नव्हते, सगळे चिखलाने माखलेले, आणि ढिगाऱ्याखाली चेंडू नक्की कोणाच्या हातात होता हे पंचालाही ओरडून विचारावं लागत होतं.